मिरालरिओचा मुक्काम

माणूस घरून निघतो तो एखाद्या ठरलेल्या गांवाला पोंचावयाचें म्हणून. पण कित्येकदां तें गांव त्याच्या स्मरणांत फारसें राहत नाहीं आणि वाटेंतला एखादा मुक्कामच जन्मभर मनांत घर करून बसतो. लांबच्या प्रवासांत दोन मजलांच्या मध्यें स्नेह्यांच्या घरीं घेतलेली विश्रांति ही वरवर पाहतां प्रवासाची खोटी वाटते. रवीन्द्रनाथ ठाकुरांच्या आयुष्यांत अशीच एक खोटी आली. तिच्यामुळें मूळचा प्रवास फसला. पण एक काव्यसंग्रह आणि एक जन्मभराची मैत्री त्यांच्या पदरीं पडली. शिवाय कवीच्या आंत दडलेला चित्रकार जगापुढें येण्याची वाटहि तेथूनच निघाली.

इ. स. १९२४ चें वर्ष रवीन्द्रनाथांच्या पायाला भिंगरी लावूनच आलें. चीन व जपान या देशांचा दौरा आटोपून ते जुलैमध्यें कलकत्त्यास परतले आणि दोन महिने होतात न होतात तोंच पुन्हां परदेशास निघाले. त्यांचें वय त्या वेळीं ६३ वर्षांचें होतें. या खेपेचें बोलावणें फार दूरचें होतें. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत आयाकूचो येथें ९ डिसेंबर १८२४ रोजीं झालेल्या लढाईनें त्या खंडावरील स्पेनची सत्ता मोडली. तिच्या शतसांवत्सरिक उत्सवाला कवींनीं यावें, असें पेरूचें आमंत्रण होतें. १९२१ सालीं स्थापन झालेल्या विश्वभारतीचा संसार पैशावांचून अडत होता. या दौऱ्यांतून तिला कांहीं साहाय्य मिळेल ही आशाहि प्रवासामागें होती.

कोलंबोहून 'हारुना मारू' या जपानी आगबोटीनें ते युरोपांत गेले. तेथून १८ ऑक्टोबर रोजीं शेरबुर्ग बंदरांत ते दुसऱ्या आगबोटीवर चढले. तिचें नांव 'अँडीज'. शान्तिनिकेतनाजवळ सुरूल येथें ग्रामसुधारणेचें काम उभारणारे तरुण इंग्रज मित्र लेनर्ड एल्महर्स्ट हे चिटणीस म्हणून बरोबर होते. अटलांटिक महासागरावर कवींची प्रकृति ढासळली, तरी लेखणी थांबली नव्हती. त्या सफरींतल्या कित्येक कवितांखालीं स्थळ म्हणून बोटीचेंच नांव आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यांत अर्जेंटिनाच्या राजधानींत, ब्वेनोस आयरेस येथें, ते उतरले तेव्हां अंगांत त्राण उरलें नव्हतें. अँडीज पर्वत ओलांडून जाण्याचा प्रवास या हृदयाला झेपणार नाहीं, आधीं पूर्ण विश्रांति घेतली पाहिजे, असें डॉक्टरांनीं बजावलें. 'अँडीज' नांवाच्या बोटीनें महासागर ओलांडून दिला, परंतु त्या नांवाचा पर्वत वाट अडवून उभा राहिला. अनोळखी देश, अनोळखी भाषा आणि हॉटेलांतली खोली अशा ठिकाणीं आजारी माणसानें विसांवा घ्यावयाचा तरी कोठें?

हा प्रश्न सोडविला व्हिक्टोरिया ओकाम्पो या बाईंनीं. त्यांचें वय तेव्हां ३४ वर्षांचें होतें. घराणें मोठें धनिक व जुन्या वळणाचें. त्यामुळें त्यांचें शिक्षण घरींच फ्रेंच व इंग्रज शिक्षिकांच्या हाताखालीं झालें. फ्रेंच भाषा इतकी अंगवळणीं पडलेली कीं आरंभीचें लेखनहि त्या भाषेंतलें. लहान वयांतच झालेला विवाह सुखाचा ठरला नव्हता. अशा मनःस्थितींत १९१४ सालीं आंद्रे जीद यानें केलेला 'गीतांजलि'चा फ्रेंच अनुवाद त्यांच्या हातीं आला आणि तो वाचतांना त्यांचे अश्रु आवरेनात. स्पॅनिश भाषा बोलणाऱ्या जगांत सेनोबिया काम्प्रुबी व तिचा पति कवि हुआन रामोन हिमेनेथ यांच्या अनुवादांमुळें रवीन्द्रनाथांचें नांव घरोघरीं पोंचलें होतें. पण व्हिक्टोरियाबाईंना हा कवि केवळ प्रसिद्ध म्हणून नव्हे, तर कठीण काळांत आधार देणारा म्हणून ठाऊक होता. दहा वर्षें ज्याच्या शब्दांवर मन पोसलें, तोच आतां आपल्या शहरांत आजारी पडला आहे हें कळतांच त्या हॉटेलांत गेल्या आणि पाहुण्यांची व्यवस्था आपल्याकडे मागून घेतली.

वडिलांचें घर या कामीं मिळण्यासारखें नव्हतें. तेव्हां शहराच्या उत्तरेस सान इसिद्रो या उपनगरांत नातलगांचें 'मिरालरिओ' नांवाचें घर त्यांनीं भाड्यानें घेतलें आणि त्याच्या खर्चासाठीं आपलें एक हिऱ्यांचें शिरोभूषण विकलें. बेत आठवड्याभराचा होता. मुक्काम पडला जवळजवळ दोन महिन्यांचा. 'मिरालरिओ' याचा अर्थच 'नदी पाहा'. घर उंच कांठावर असून खालीं ला प्लाता नदीचें अफाट, गढूळ पात्र पसरलेलें, इतकें रुंद कीं पैलतीर दिसत नाहीं. पद्मेच्या पात्रावर होडींत राहून ज्यानें आपली ऐन उमेदीचीं वर्षें घालविलीं, त्या कवीला याहून आपलेपणाचें दृश्य कोणतें दाखवावें? आपल्याकडे थंडी पडूं लागते त्या महिन्यांत तेथें वसंत सरून उन्हाळा लागत असतो. फुलांनीं भरलेली बाग, नदीकडे तोंड करून असलेला सज्जा आणि एक मोठी आरामखुर्ची, एवढें कवींचें त्या दिवसांतलें जग होतें.

तरी हा मुक्काम म्हणजे निव्वळ सुखाचा झुला नव्हता. यजमानीणबाई रात्रीं जवळच आपल्या घरीं जात आणि दिवसां येत. पण ज्याला इतकीं वर्षें मनांत पूजिलें, त्याच्या समोर आल्यावर त्यांना शब्द सुचेनासे होत. पाहुण्याचीहि अडचण होतीच. जगांत आपला बाजारभाव वाढला, पण त्या भावाखालीं माणूस म्हणून असलेलें आपलें मोल झांकून गेलें, अशी खंत कवींनीं याच दिवसांत व्हिक्टोरियाबाईंना लिहिलेल्या एका पत्रांत व्यक्त केली आहे. भक्तांचा तोटा नव्हता. उणीव होती ती निखळ स्नेहाची. आणि समोर बसलेली स्नेही तर भक्तीनें मुकी झालेली! आदर हा मैत्रीचा आरंभ असतो, पण तो ओसरल्यावांचून मैत्री घडत नाहीं, याचें हें मोठें बोलकें उदाहरण आहे.

त्या आदराला पहिला तडा गेला तो एका कवितेच्या निमित्तानें. एके दिवशीं नुकत्याच लिहिलेल्या बंगाली कवितेचा अर्थ कवींनीं व्हिक्टोरियाबाईंना शब्दाशब्दानें उलगडून सांगितला. अनुवादांतून आजवर जें हातीं लागलें नव्हतें तें त्या क्षणीं हातीं आलें, असें त्यांना वाटलें. मग त्यांनीं तो इंग्रजीत लिहून मागितला. दुसऱ्या दिवशीं कागद हातीं पडला आणि पाहतात तों मूळांतल्या कित्येक गोष्टी त्यांत नाहींतच! कारण विचारतां उत्तर मिळालें कीं पाश्चात्त्यांना त्यांत गोडी वाटणार नाहीं म्हणून त्या गाळल्या. हें उत्तर बाईंच्या गालावर चपराक बसावी तसें बसलें. ज्या अनुवादांवर त्यांनीं दहा वर्षें प्रेम केलें, त्यांतूनहि असेंच कांहीं गळालें असेल काय? सभेंत किंवा व्यासपीठावर हें संभाषण होऊं शकलें नसतें. त्यासाठीं एका घरांत, घाईगर्दी नसलेल्या दिवसांत राहावें लागतें.

दुसरी गोष्ट त्याच वह्यांतून निघाली. रवीन्द्रनाथांना हस्तलिखितांत खोडलेले शब्द तसेच ठेवणें आवडत नसे. खोडलेल्या ओळींना ते रेषांनीं जोडीत, आणि पाहतां पाहतां त्या खाडाखोडींतून चोंची, डोळे, अज्ञात पशुपक्षी यांचे आकार उमटत. बंगाली न जाणणाऱ्या यजमानीणबाईंना त्या वहींत वाचतां येण्यासारखें हेंच होतें. हा केवळ चाळा नाहीं, यांत कलावंताचा हात आहे, हें त्यांनीं ओळखलें.

इकडे दिवस उलटत होते. मध्यंतरीं कांहीं दिवस समुद्राजवळच्या चापादमालाल येथें राहून झालें. पेरूचा बेत मात्र मागें पडत पडत अखेरीस रहित झाला. ज्या ९ डिसेंबरसाठीं एवढा महासागर ओलांडला, तो दिवस आला तसा गेला. पेरूची राजधानी लिमा येथें त्या उत्सवांत कवीचा शब्द उमटला, पण तो दुसऱ्या कवीचा. अर्जेंटिनाचाच प्रख्यात कवि लेओपोल्दो लुगोनेस तेथें गेला आणि जगाच्या कल्याणासाठीं आतां तरवारीची घटका भरली आहे, अशी घोषणा त्यानें केली. पेरूंत तेव्हां अध्यक्ष लेगीया यांची एकतंत्री सत्ता होती. राष्ट्राभिमानाच्या उन्मादाविरुद्ध जपानांत व अमेरिकेंत निर्भयपणें बोललेले रवीन्द्रनाथ त्या उत्सवाच्या बाहेर राहिले, यांत त्यांचें नुकसान झालें असें म्हणवत नाहीं. विश्वभारतीला मात्र आशेवरच समाधान मानावें लागलें.

१९२५ च्या जानेवारीच्या आरंभीं 'ज्यूलिओ चेझारे' या इटालियन बोटीनें परतीचा प्रवास सुरू झाला. व्हिक्टोरियाबाईंनीं ती आरामखुर्चीहि बरोबर देण्याचा निश्चय केला. खुर्ची मोठी, खोलीचें दार अरुंद. तेव्हां बाईंनीं कप्तानाला गळ घालून दारच निखळवून घेतलें आणि खुर्ची आंत गेली! इटलींत थोडे दिवस काढून कवि फेब्रुवारींत भारतांत परतले. त्याच वर्षीं 'पूरबी' हा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. तो 'विजया' हिला अर्पण केला होता. व्हिक्टोरिया या नांवाचाच तो भारतीय अवतार. जिला पुस्तक अर्पण केलें तिला त्यांतलें एक अक्षरहि वाचतां येणार नव्हतें, हें अर्पण करणाऱ्याला पुरतें ठाऊक होतें.

पुढें दोघांची भेट एकदांच झाली, ती १९३० सालीं फ्रान्समध्यें. रवीन्द्रनाथ आपलीं चित्रें घेऊन आले होते. पण पॅरिससारख्या नगरींत नवख्या चित्रकाराला दालन कोण देणार? व्हिक्टोरियाबाईंनीं आपलें सारें वजन खर्च करून थोड्याच दिवसांत पिगाल चित्रदालनांत प्रदर्शन घडवून आणलें. त्या मे महिन्यांत ६९ वर्षांच्या कवीचा चित्रकार म्हणून जगाला प्रथम परिचय झाला. मिरालरिओच्या वहींतल्या खाडाखोडीनें असा लांबचा पल्ला गांठला. भारतांत येण्याचें आमंत्रण बाईंना अनेकवार गेलें, तरी त्या कधींच आल्या नाहींत. १९३१ सालीं त्यांनीं 'सूर' हें नियतकालिक काढलें आणि तें स्पॅनिश वाङ्‌मयांत फार मोठें ठरलें.

१९४१ च्या उन्हाळ्यांत, मरणाच्या कांहीं महिने आधीं, रवीन्द्रनाथ पुन्हां त्याच खुर्चीत बसत आणि तिच्यावर त्यांनीं कविताहि लिहिली. ७ ऑगस्ट १९४१ रोजीं ते गेले. १९६८ सालीं इंदिरा गांधी अर्जेंटिनाला गेल्या तेव्हां विश्वभारतीची 'देशिकोत्तम' ही पदवी त्यांनीं व्हिक्टोरियाबाईंना अर्पण केली. १९७९ सालीं त्याहि निवर्तल्या.

ज्या उत्सवासाठीं कवि निघाले होते त्याचे तोरण-पताका दुसऱ्याच दिवशीं उतरल्या असतील. ती आरामखुर्ची मात्र शान्तिनिकेतनांत जपून ठेवलेली आहे. ती पाहणाऱ्याला पेरूची आठवण होत नाहीं. आठवते ती दाराची चौकट मोडून पाहुण्याचा विसांवा त्याच्याबरोबर धाडणारी यजमानीण.