टोपलीतील वेल : सँटोरिनीच्या आसिर्तिको द्राक्षाचा इतिहास

१/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या एका किडीने युरोपातील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. आज त्या खंडातील बहुतेक द्राक्षवेली अमेरिकन खुंटावर कलम केलेल्या आहेत. एजियन समुद्रातील एका ज्वालामुखी बेटावर मात्र वेली अजूनही स्वतःच्याच मुळांवर जगतात. हा धागा त्या बेटाचा आणि तेथील पांढऱ्या द्राक्षाचा. बेट सँटोरिनी, द्राक्ष आसिर्तिको.

२/ सँटोरिनीचे ग्रीक नाव थिरा. सायक्लेडीस द्वीपसमूहाच्या दक्षिण टोकाला असलेले हे बेट चंद्रकोरीसारखे दिसते, कारण तो एका खचलेल्या ज्वालामुखीचा उरलेला काठ आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या आसपास येथे जो उद्रेक झाला, तो मानवी इतिहासातील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक मानला जातो. बेटाचा मधला भाग समुद्रात गेला आणि उरलेल्या भूमीवर राखेचे व प्यूमिस या हलक्या, सच्छिद्र दगडाचे अनेक मीटर जाडीचे थर साचले.

३/ त्या राखेखाली अक्रोतिरी नावाचे एक समृद्ध नगर गाडले गेले. स्पिरिदोन मारिनातोस या पुरातत्त्वज्ञाने १९६७ साली तेथे उत्खनन सुरू केले. दुमजली-तिमजली घरे, रंगीत भित्तिचित्रे आणि धान्य, तेल, मद्य साठवण्याचे मोठाले रांजण तेथे सापडले. उद्रेकापूर्वीही या बेटावर द्राक्षे होती, हे अवशेषांवरून दिसते. परंतु ती द्राक्षे म्हणजेच आजचे आसिर्तिको, असे म्हणण्यास आधार नाही. आजच्या द्राक्षाची जमीनच मुळी उद्रेकाने घडवलेली आहे.

४/ या जमिनीला स्थानिक लोक ‘आस्पा’ म्हणतात. राख, प्यूमिस आणि लाव्हाचे तुकडे यांचे हे मिश्रण. त्यात सेंद्रिय द्रव्य अत्यल्प, पोटॅशियम कमी आणि चिकणमाती जवळजवळ नाहीच. एकोणिसाव्या शतकात सुएझ कालव्याच्या बांधकामासाठी लागणाऱ्या सिमेंटकरिता येथील राख खणून नेण्यात आली. १८६० च्या दशकात शेजारच्या थिरासिया बेटावर हे खोदकाम चालू असतानाच प्रागैतिहासिक घरांचे अवशेष प्रथम उजेडात आले. खाणकामगाराला सिमेंट, पुरातत्त्वज्ञाला नगर आणि शेतकऱ्याला द्राक्ष, हे सारे एकाच राखेने दिले.

५/ आता त्या किडीकडे वळू. फायलोक्सेरा ही उत्तर अमेरिकेतून आलेली, मावा किडीच्या नात्यातली कीड. १८६० च्या दशकात दक्षिण फ्रान्समध्ये वेली कारण न कळता वाळू लागल्या. १८६८ मध्ये ज्यूल-एमिल प्लांशों व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळांवर हा शत्रू शोधून काढला. कीड मुळांतील रस शोषते, मुळांवर गाठी येतात, ती कुजतात आणि वेल मरते. युरोपीय वेलीकडे या किडीविरुद्ध कोणतेही संरक्षण नव्हते.

६/ उपाय अमेरिकेतूनच आला. तेथील रानटी वेलींची मुळे ही कीड सोसू शकतात, म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर युरोपीय डोळा असे कलम बांधले जाऊ लागले. खुंटकलम हा शब्द नाशिक-सांगलीच्या वाचकांना नवा नाही. आपल्याकडे डॉगरिजसारखे खुंट प्रामुख्याने पाण्याची टंचाई आणि जमिनीतील क्षार यांवर मात करण्यासाठी वापरले जातात. युरोपात मात्र कलम हा द्राक्षशेती टिकवण्याचा एकमेव मार्ग ठरला.

७/ सँटोरिनीत कलमाची गरजच पडली नाही. ही कीड जमिनीतील भेगांमधून एका मुळावरून दुसऱ्या मुळाकडे सरकते आणि अशा भेगा चिकणमातीत पडतात. सैल, वाळूसारख्या राखेत तिला वाट मिळत नाही. ज्या उद्रेकाने बेटावरील वस्ती पुसून टाकली, त्याच्याच राखेने साडेतीन हजार वर्षांनंतर तेथील वेलींभोवती तटबंदी उभारली.

८/ पण कीड हा एकच शत्रू नव्हता. येथे वर्षाला सरासरी ३५० ते ४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतांश हिवाळ्यात. बेटावर नदी नाही. ऐन उन्हाळ्यात ‘मेल्तेमी’ नावाचे उत्तरेकडचे वारे दिवसचे दिवस वाहतात आणि वाळूचे कण कोवळ्या पानांवर व मण्यांवर आपटत राहतात. अशा ठिकाणी मांडवावर वा तारांवर चढवलेली वेल तग धरणे कठीण. मग शेतकऱ्यांनी काय केले?

९/ त्यांनी वेल जमिनीवरच ठेवली. हिवाळ्यातील छाटणीच्या वेळी निवडक काड्या एकमेकींत गुंफून वर्तुळाकार वळवायच्या. दरवर्षी त्यावर नवा वेढा चढत जातो आणि वेलीची एक टोपली तयार होते. तिला ‘कुलूरा’ म्हणतात. घड टोपलीच्या आत लागतात. काड्यांच्या भिंतीमुळे वारा अडतो, पानांमुळे ऊन अडते आणि रात्री समुद्रावरून येणाऱ्या धुक्याचा ओलावा आत टिकतो. प्यूमिसही हा ओलावा शोषून घेतो आणि हळूहळू मुळांना देतो.

१०/ टोपलीला वय असते. साधारण सात-आठ दशकांनंतर मुळापासून काडीच्या टोकापर्यंतचा रसाचा प्रवास फार लांबतो आणि उत्पन्न घटते. तेव्हा शेतकरी संपूर्ण टोपली जमिनीलगत कापून टाकतो. जुन्या मुळावर नवा फुटवा येतो आणि त्यातून नवी टोपली विणली जाते. त्यामुळे वर दिसणारी वेल तरुण असली, तरी खालचे मूळ शतकाहून जुने असू शकते. एखादी वेल मेलीच, तर शेजारणीची काडी मातीत दाबून दाब कलमाने ती जागा भरतात.

११/ यातील एकही काम यंत्राला जमत नाही. छाटणी, विणकाम, तोडणी सारे वाकून, हाताने. वेली एकमेकींपासून दूर लावलेल्या, कारण प्रत्येकीला पुरेसा ओलावा मिळाला पाहिजे. म्हणून एकरी उत्पन्नही थोडे. कोणती काडी ठेवायची आणि कोणती कोणत्या दिशेने वळवायची, हे ज्ञान पुस्तकात नव्हते. ते आजोबांच्या हातातून नातवाच्या हातात जात राहिले.

१२/ इतके कष्ट घेण्याजोगे या द्राक्षात काय आहे? त्याची आम्लता. उष्ण प्रदेशात द्राक्ष पिकत जाते तशी साखर वाढते आणि आंबटपणा ओसरतो, म्हणून तेथील पांढरी मद्ये बऱ्याचदा सपक लागतात. आसिर्तिको मात्र भरपूर साखर धरूनही आपला आंबटपणा सोडत नाही. पोटॅशियमची कमतरता असलेली जमीन या गुणाला आणखी बळ देते. आथिरी आणि आयदानी ही येथील दुसरी दोन पांढरी द्राक्षे. तीही पारंपरिक मिश्रणात वापरली जातात.

१३/ आता इतिहासाचा दुसरा पदर : गिऱ्हाईक. १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धाच्या सैन्याने कॉन्स्टँटिनोपल लुटले आणि त्यानंतर मार्को सानुदो या व्हेनिसच्या सरदाराने नाक्सोसची डची स्थापन केली. थिराही तिच्यात आले. संत इरिनीच्या नावावरून ‘सान्ता इरिनी’ आणि त्यातून ‘सँटोरिनी’ हे नाव रूढ झाले, तेही याच लॅटिन सत्तेच्या काळात. भूमध्य समुद्रातील व्यापारात तेव्हा गोड, घट्ट मद्याला मोठी मागणी होती.

१४/ सँटोरिनीकडे तसे मद्य होते. तोडलेली द्राक्षे एक-दोन आठवडे उन्हात पसरतात, ती मनुकांच्या वाटेवर असताना दाबून रस काढतात आणि तो लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे मुरवतात. हेच ‘व्हिनसांतो’. दीर्घ समुद्रप्रवासात सामान्य मद्य आंबून जाई, पण भरपूर साखरेचे आणि तितक्याच आम्लतेचे हे मद्य टिके. नुसते गोड असते, तर ते पाकासारखे लागले असते. आसिर्तिकोच्या आंबटपणाने त्याला तोल दिला.

१५/ सोळाव्या शतकात बेट ऑटोमन सत्तेखाली गेले, तरी द्राक्षशेती चालू राहिली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत तिला एक मोठा ग्राहक मिळाला : रशिया. तेथील ऑर्थोडॉक्स चर्चच्या प्रार्थनाविधीत गोड मद्य लागे आणि सँटोरिनीचे मद्य जहाजे भरभरून तिकडे जाई. बेटावरील जहाजमालक आणि मद्यव्यापारी यांची सुबत्ता या वाहतुकीतून वाढली.

१६/ १९१७ च्या रशियन क्रांतीने ही बाजारपेठ जवळपास संपवली. चर्चवरच गदा आली, तेथे चर्चच्या मद्याला कोण विचारणार? फायलोक्सेराला जे जमले नाही, ते एका दूरच्या राज्यक्रांतीने करून दाखवले. वेली निरोगी होत्या, जमीन तीच होती. फक्त घेणारा नाहीसा झाला.

१७/ १९४७ साली उत्पादकांची सहकारी संघटना स्थापन झाली. पण ९ जुलै १९५६ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. पन्नासहून अधिक माणसे दगावली, हजारो घरांचे नुकसान झाले आणि अनेक कुटुंबे अथेन्सकडे निघून गेली. छाटणी करणारे हातच कमी झाले. टोपलीत वळलेली वेल काही वर्षे कुणी पाहिली नाही, तर ती रानटी वाढते आणि पुन्हा वळणावर आणणे अवघड होते.

१८/ १९७१ मध्ये ग्रीसने ‘सँटोरिनी’ या नावाला कायद्याने संरक्षित उगमस्थानाचा दर्जा दिला. खरे वळण मात्र १९८० च्या दशकाच्या अखेरीस आले. उत्तर ग्रीसमधील बुतारी कंपनीने बेटावर आधुनिक मद्यशाळा बांधली. पूर्वी द्राक्षे अतिपक्व झाल्यावर तोडत. आता ती लवकर तोडून, नियंत्रित तापमानात आंबवून कोरडे, ताजे पांढरे मद्य केले जाऊ लागले. १९९१ मध्ये पारिस सिगालास या गणिताच्या शिक्षकाने स्वतःची मद्यशाळा सुरू केली. जगाला आसिर्तिको हे नाव या पिढीमुळे कळले.

१९/ यानंतर हे द्राक्ष बेटाबाहेरही गेले. ग्रीसच्या मुख्य भूमीवर त्याची लागवड वाढली. ऑस्ट्रेलियातील क्लेअर व्हॅलीत जिम बॅरी वाइन्सच्या पीटर बॅरी यांनी सँटोरिनीहून काड्या नेऊन, विलगीकरणाची वर्षे पार करून ते रुजवले. थोडक्यात, जात म्हणून आसिर्तिको आज सुरक्षित आहे. प्रश्न वेगळाच आहे.

२०/ बेटावरचे मळे आकसत आहेत. काही हजारांच्या लोकवस्तीकडे दरवर्षी लाखो पर्यटक येतात. ज्या जमिनीवर हॉटेल किंवा खोल्या बांधता येतात, तिच्यावर द्राक्ष लावणे हिशेबात बसत नाही. त्यात कोरडे हिवाळे आणि उष्णतेच्या लाटा. २०२३ आणि २०२४ चे हंगाम अत्यंत तुटीचे गेले. द्राक्षाचा भाव कधी नव्हे इतका चढला, पण छाटणीसाठी वाकणारे हात मिळेनासे झाले.

२१/ म्हणूनच या इतिहासाकडे नीट पाहावे लागते. १९१७ नंतर गिऱ्हाईक नव्हते म्हणून मळे ओस पडले. आज गिऱ्हाईक भरपूर आहे, तरी मळे ओस पडत आहेत. कारण या वेळी मागणी द्राक्षाला आहे तशी त्याखालच्या जमिनीलाही आहे, आणि जमिनीचा ग्राहक अधिक श्रीमंत आहे. काही उत्पादक नव्या लागवडीत ओळी, तारा आणि ठिबक सिंचन आणून पाहत आहेत. वेल त्यामुळे वाचेल. कुलूरा वाचेलच असे नाही.

२२/ मित्रहो, एखादे पीक ‘प्राचीन’ आहे असे आपण सहज म्हणतो. पण वेल आपोआप प्राचीन होत नाही. दर हिवाळ्यात कुणीतरी तिच्यापाशी बसून काड्या वळवल्या, सत्तर-ऐंशी वर्षांनी धीर करून पूर्ण टोपली कापली आणि पुढचे पीक नातवाने खावे म्हणून नवा फुटवा जपला, तेव्हा ती आपल्यापर्यंत आली. सँटोरिनीची राख किडीला अडवू शकते. ती छाटणीची कात्री हाती घेऊ शकत नाही.

धागा समाप्त.