जुनापाणी : दगडांवरचे खळगे

मनीषनगरातून निघून नागपूर शहर ओलांडावे आणि काटोल मार्गाला लागावे, की जुनापाणी येते. येथे सुमारे ३०० शिळावर्तुळे आहेत. ही लोहयुगातील, म्हणजे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची दफनस्थळे.

मृत्यूपलीकडे काय, या प्रश्नाचे त्या लोकांनी दिलेले उत्तर लेखी नाही. ते मातीत आहे. मृताजवळ भांडी आणि लोखंडी हत्यारे ठेवलेली आढळतात. १९६१-६२ च्या उत्खननात घोडवर्गीय प्राण्याचे अवशेषही मिळाले. कष्टाने मिळवलेले लोखंड आणि हाताशी असलेले जनावर कोणी उगाच पुरत नाही.

काही शिळांवर लहान वाटीसारखे खळगे ओळीने कोरलेले आहेत. ही निव्वळ नक्षी म्हणावी, तर वर्तुळातील मोजक्याच दगडांवर का?

पुढच्या पिढ्यांना या वर्तुळांचे कर्ते आठवेनात, तेव्हा लोककथेने ती गवळ्यांच्या नावावर केली. १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नॅकने त्यांची तुलना युरोपातील थडग्यांशी केली. (अनोळखी दगडासमोर साहेबालाही घरचेच आठवले!)

अलीकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया आणि सहकाऱ्यांनी दिशा मोजल्या. खळग्यांच्या शिळा ठरावीक दिशांनाच अधिक सापडल्या. आकाशनिरीक्षणाशी त्यांचा संबंध असावा, असे अनुमान त्यांनी मांडले. ते खरे असेल, तर मृताला सूर्य-ताऱ्यांच्या परिचित क्रमात जागा देण्याचाच हा प्रयत्न ठरतो. मात्र बहुतेक वर्तुळांवर खळगे नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.