शकुंतला : चालते संग्रहालय

जुनी यंत्रे जपण्याच्या दोन रीती आहेत. एक, पुसून-रंगवून ती चौथऱ्यावर उभी करायची. दुसरी, ती चालती ठेवायची. इंग्लंडमध्ये बेडफर्डशायरमधील शटलवर्थ संग्रहालयाने दुसरी रीत पत्करली. तिथले 1909 सालचे ब्लेरिओ विमान वारा पडलेला असला की धावपट्टीवर आजही छोटीशी झेप घेते. ते टिकले आहे ते रोज हात लावणारे कारागीर असल्यामुळे.

यवतमाळकरांना अशा चालत्या संग्रहालयासाठी परदेशी जावे लागत नव्हते. तिकीट काढून त्यात बसता येत होते. त्याचे नाव शकुंतला.

1902 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिले आणि पुढच्याच वर्षी या मार्गाचे काम सुरू झाल्याचे सांगितले जाते. कारण एकच, कापूस. अमेरिकेतील यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची गोडी लागली होती. मुंबई-नागपूर मुख्य मार्ग 1867 मध्ये पूर्ण झाला, पण तो मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून गेला. यवतमाळ, दारव्ह्याचा कापूस बैलगाडीवरच राहिला. ती उणीव किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने भरून काढली. तिच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने मूर्तिजापूरपासून यवतमाळपर्यंत 113 आणि अचलपूरपर्यंत 76 किलोमीटरचा मार्ग उभा केला. रूळांतील अंतर अवघे अडीच फूट. अरुंद मार्ग स्वस्तात होतो. मात्र मूर्तिजापूरला प्रत्येक गाठ छोट्या डब्यातून उतरवून साडेपाच फुटी मार्गाच्या डब्यात चढवावी लागे.

या मार्गावर 1921 साली मँचेस्टरमध्ये बांधलेले झेडडी वर्गाचे वाफेचे इंजिन धावत असे. ते 15 एप्रिल 1994 रोजी निवृत्त झाले आणि त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. ज्या शहराने वऱ्हाडचा कापूस नेला, त्याच शहराचे यंत्र तो कापूस ओढण्यासाठी इकडे आले, आणि स्वातंत्र्यानंतरही 47 वर्षे राबले. सिग्नलांवर लिव्हरपूलचा शिक्का होता.

हे सारे जुनेपण कुणी हौसेने जपलेले नव्हते. गाडी चालवणारी जीआयपी रेल्वे सरकारजमा होऊन 1951 मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली, पण रूळांची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. ड्रायव्हर, गार्ड, स्टेशनमास्तर सरकारचे, रूळ कंपनीचे, उत्पन्नात कंपनीचा वाटा. ‘ही गाडी अजून इंग्रजांची आहे’ असे चवीने सांगितले जाई, परंतु खरा प्रश्न मालक गोरा की काळा हा नव्हता. जिथे रूळ एकाचे आणि गाडी दुसऱ्याची, तिथे नवे रूळ घालण्याची निकड कुणालाच नसते. त्यामुळे जुनी व्यवस्था टिकली, आणि त्यामुळेच ती झिजत गेली. वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास उतरला. गेल्या दशकात आधी यवतमाळची आणि नंतर अचलपूरची गाडी थांबली.

इथे कालका-सिमला मार्गाची आठवण होते. त्याचेही रूळ अडीच फुटी. तो 1903 मध्ये खुला झाला. 2008 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतले. डोंगर, बोगदे, पूल हे त्याचे वैभव आहेच. पण त्यातून जाणाऱ्याला प्रवासच हवा असतो. शकुंतलेच्या प्रवाशाला बाजार, कचेरी, दवाखाना गाठायचा होता. स्वस्त तिकिटासाठी तो तासन्‌तास बसत असे. त्याच्या गाडीला वारसा म्हणायला पर्यटक आले नाहीत, आणि एसटी परवडणाऱ्यांनी कधीच तिच्याकडे पाठ फिरवली होती.

28 फेब्रुवारी 2024 रोजी वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या रुंद मार्गाच्या वर्धा-कळंब टप्प्यावर गाडी सुरू झाली. जिल्ह्याला ती हवीच होती. मात्र शकुंतलेचा एखादा डबा रंगवून स्टेशनाबाहेर उभा केला म्हणजे ती जपली, असे होत नाही. लाडखेड ते दारव्हा एवढ्या तुकड्यावर जरी गाडी फिरती ठेवली, तरी तिच्याबरोबर फिटर, गँगमन आणि फाटकवाल्याचे ज्ञानही जिवंत राहील. डबा उभा ठेवता येतो. हातातले कसब उभे ठेवता येत नाही.