जमीन प्रतबंदी
जमीन प्रतबंदी : शेतजमिनीवर सारा आकारण्यासाठी मातीच्या गुणदोषांनुसार तिचे वर्ग ठरविण्याची पद्धत. ही मातीची परीक्षा असली, तरी तिचा निष्कर्ष जमिनीच्या वापरावर अवलंबून असतो. मुंबई इलाख्याच्या महसुली इतिहासात याचे उत्तम उदाहरण आढळते.

पेशवाईच्या अस्तानंतर आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याने दख्खनमध्ये जमिनीची पाहणी केली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीच्या उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करून उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५% सारा त्याने ठरविला. १८३० च्या सुमारास अंमलात आलेला हा आकार जड ठरला आणि इंदापूर तालुक्यात अनेक रयतांनी जमिनी सोडून दिल्या. म्हणून १८३५ मध्ये एच. ई. गोल्डस्मिड व जॉर्ज विंगेट यांनी तेथे नवी पाहणी सुरू केली. तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात एकत्रित करण्यात आले.

या पद्धतीत जिरायत जमिनीचे नऊ वर्ग असून पोत, रंग व खोली या त्यांच्या कसोट्या होत्या. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची काळी जमीन सोळा आण्यांची, तर उथळ व भरड जमीन दोन आण्यांची मानीत. चुनखडी, वाळू, उतार यांसारख्या प्रत्येक दोषाबद्दल जमिनीचा वर्ग एकेक पायरीने खाली जाई. कमी पावसाच्या प्रदेशात रब्बीचे पीक मातीत साठलेल्या ओलीवर पोसले जाते. म्हणून खोलीला एवढे महत्त्व होते. भातजमिनीत मात्र ओलावा व बांध आणि बागायतीत मोटेच्या किंवा पाटाच्या पाण्याचा पुरवठा हेही विचारात घेत.

१८८५ मध्ये सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने बारामती–इंदापूर भागातील जमिनीचा वापर पालटला. खोल काळ्या मातीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. बारमाही पाण्याने भूजलाची पातळी वर येऊन क्षार पृष्ठभागी साचले आणि अनेक ठिकाणी जमिनी खारवट व चोपण झाल्या. हॅरल्ड मान व व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील अशा जमिनींचा अभ्यास १९१० मध्ये प्रसिद्ध केला. ओल धरून ठेवण्याचा जो गुण जिरायतीत जमिनीला वरची प्रत मिळवून देई, तोच कालव्याखाली दोष ठरला. उलट चांगल्या निचऱ्याच्या मध्यम जमिनी तेथे अधिक टिकाऊ ठरल्या.

म्हणूनच आधुनिक मृदा सर्वेक्षणात भूक्षमता व सिंचनयोग्यता यांचे वर्ग स्वतंत्रपणे ठरवितात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९७६ मध्ये मांडलेल्या भूमूल्यमापनाच्या आराखड्यातही जमिनीची योग्यता विशिष्ट वापराच्या संदर्भातच ठरविण्याचे तत्त्व स्वीकारले आहे.