कुतचा वेढा आणि रास-अल-ऐनचे रूळ

मराठा पलटणींचा इतिहास म्हटला की आपल्याला केरेनचा डोंगर आठवतो, इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी मिळवलेले व्हिक्टोरिया क्रॉस आठवतात. कुत-अल-अमारा हे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही, कारण तिथे विजय नव्हता. तिथे उपासमार होती, शरणागती होती आणि नंतर अडीच वर्षांची कैद होती. या कैदेचा शेवटचा मुक्काम एका रेल्वेच्या बांधकामावर होता, म्हणून हा विषय माझ्यासारख्या रेल्वेच्या माणसाला जरा जास्तच जवळचा वाटतो.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर हिंदी सैन्याची सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन, मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) पाठवण्यात आली. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी ती फाव येथे उतरू लागली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर अशा भागांतली शेतकऱ्यांची मुले, पगार महिना ११ रुपये. १९१५ मध्ये जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली हे सैन्य टायग्रिस नदीने वर वर सरकत बगदादच्या अलीकडे टेसिफोनपर्यंत गेले. नोव्हेंबर १९१५ च्या त्या लढाईत साडेचार हजारांच्या आसपास माणसे मेली किंवा जखमी झाली. जखमींना बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्यांतून नदीपर्यंत आणले आणि बोटींत कोंबून बसऱ्याला पाठवले. त्यांचे काय हाल झाले ते पुढे चौकशी आयोगाने नोंदवले आणि तो अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

इथे आमच्या खात्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या मोहिमेला ना पुरेशा बोटी होत्या, ना रेल्वे. १९१५ मध्ये सेनापतींनी बसरा ते नासिरिया लाइन मागितली होती, ती खर्चाचे कारण देऊन नाकारली गेली. पुढे कुत पडल्यावर हिंदुस्थानातून रूळ आणि इंजिने नेऊन मीटरगेज टाकलीच. फाईल वेळेवर हलली असती तर किती जीव वाचले असते याचा हिशेब कोणी मांडत नाही.

टेसिफोनहून मागे हटलेले सैन्य ३ डिसेंबर १९१५ ला कुतला पोहोचले आणि चार दिवसांत तुर्कांनी वेढा घातला. हा वेढा १४७ दिवस चालला. धान्य किती आहे याची नीट मोजदाद सुरुवातीला झालीच नाही. साठा महिना-दोन महिन्यांचा आहे असे कळवले गेले, म्हणून सोडवायला निघालेले सैन्य पुरती तयारी न करता घाईने पुढे गेले आणि त्याची सुमारे तेवीस हजार माणसे कामी आली किंवा घायाळ झाली. जानेवारीत घरोघर झडती घेतल्यावर कळले की साठा एप्रिलपर्यंत पुरेल!

मग घोडे आणि खेचरे कापायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्ले, हिंदी शिपायांनी नाकारले. धर्म जाईल, गावात परत गेल्यावर पोरींची लग्ने होणार नाहीत, ही धास्ती होती. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारायंत्राने मागवली, तरी एप्रिल उजाडेपर्यंत बहुतेकांनी तोंड लावले नाही. आज कोणी याला अडाणीपणा म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. गाव हेच ज्याचे जग, त्याला जातीबाहेर पडणे मरणाहून सोपे नव्हते. गंमत बघा, मैद्याचा पाव खाणाऱ्या गोऱ्यांना बेरीबेरी झाला, तर ना मांस ना भाजी अशा हिंदी शिपायांना स्कर्व्ही. हिरड्या सुजायच्या, जुन्या जखमा भरायच्या नाहीत. शेवटी शेवटी माणशी दिवसाला चार औंस पीठ मिळे. चार औंस म्हणजे सव्वाशे ग्रॅमही नाही, आपल्या घरच्या तीन-चार पोळ्यांचे. तेवढ्यावर खंदकात पहारा! विमानातून धान्य टाकण्याचा प्रयत्न झाला, पण त्या काळच्या विमानांनी किती वाहणार? २९ एप्रिल १९१६ ला कुत शरण गेले. लढवय्ये आणि लंगरी, भिस्ती, खेचरवाले असे अनुचर धरून सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली.

अधिकारी वेगळे काढले गेले. टाउनशेंडसाहेब कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले आणि कैदेत असतानाच 'सर' झाले. शिपाई मात्र चालत निघाले. बगदाद ते सामरा तेवढी आगगाडी होती, पुढे तिक्रीत, मोसुल, नुसायबिन करत रास-अल-ऐनपर्यंत शेकडो मैल उन्हाळ्यात पायी. अंगात त्राण नाही, बूट फाटलेले, रस्त्यात पडला तो तिथेच राहिला.

रास-अल-ऐन हे बगदाद रेल्वेचे तेव्हाचे शेवटचे टोक. जर्मन कंपनीची ही स्टँडर्ड गेज लाइन पुढे नुसायबिनकडे न्यायची होती, आणि पुष्कळसे हिंदी कैदी याच कामाला जुंपले गेले. मातीकाम म्हणजे काय हे मी वीस वर्षे पाहतो आहे. मे महिन्यात दुपारी रुळाला उघडा हात लावता येत नाही. आमच्या ट्रॅकमनला पाणी, सावली, पाळी बदलणे, सगळे असूनही माणूस संध्याकाळी गळून जातो. इथे तर वेढ्यात वाळून काड्या झालेली माणसे फावड्याने भराव घालत होती.

या छावणीची हकीकत मला खडगपूरला बदली झाल्यावर कळली. माझ्या एका बंगाली सहकाऱ्याने शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांच्या 'अभी ले बगदाद' या १९५७ च्या पुस्तकातला मजकूर मला वाचून अर्थ सांगितला. सर्वाधिकारी बंगाल अॅम्ब्युलन्स कोअरमधले, कुतलाच पकडलेले. डायरीची पाने बुटात दडवून त्यांनी वाचवली. रास-अल-ऐनला त्यांनी आपल्या माणसांचे हाल पाहिले आणि आर्मेनियन लोकांच्या कत्तलीच्या खुणाही पाहिल्या. आपली बहुतेक मराठी पोरे लिहू-वाचू शकत नव्हती, त्यामुळे त्यांचे दुःखही एका बंगाल्याच्या वहीतून आपल्यापर्यंत येते.

कैदेत गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून अधिक मेले. हिंदींपैकी अडीच ते तीन हजार परतले नाहीत, त्यांतल्या कित्येकांचा पत्ताच लागला नाही. ११७ व्या पलटणीला १९२१ मध्ये 'रॉयल' हा मान मिळाला. हिंदी सैन्यातली फटक्यांची शिक्षा मात्र १९२० पर्यंत कायद्यात होती, म्हणजे कुतच्या खंदकातल्या शिपायाच्या डोक्यावरही ती टांगलेलीच होती.

आपल्याकडच्या कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाटी दिसते: या गावातून महायुद्धास इतके गेले, पैकी इतके मेले. नावे नसतात. बसऱ्याच्या स्मारकावरही, जे १९२९ मध्ये उभे राहिले, अधिकाऱ्यांची नावे कोरली आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार फक्त आकडा. हा भेदभाव झाला होता हे युद्धस्मारकांचे काम पाहणाऱ्या कॉमनवेल्थ संस्थेने २०२१ मध्ये अहवाल काढून मान्य केले. सुट्टीत गावी जाल तेव्हा ती पाटी शोधा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्या आकड्यातले एखादे नाव अजून कोणाच्या तोंडी आहे का.