गौरी अम्मा आणि कुळांची जमीन

केरळातल्या स्त्रियांच्या विधिमंडळातील वावराचा माग काढत आपण मागे गेलो, तर १९२४ साली पोचतो. त्या वर्षी डॉ. मेरी पुन्नन लुकोस त्रावणकोरच्या विधिमंडळावर नेमल्या गेल्या. ती संस्थानाने केलेली नेमणूक होती. लोकांनी पुन्हापुन्हा निवडून दिलेली बाई पाहायची, तर आपल्याला चेर्तलाजवळच्या पट्टणक्काडला, ईळवा समाजातल्या एका घरी यावे लागते. तिथे १९१९ मध्ये के. आर. गौरी अम्मा जन्मल्या. कायदा शिकून त्या कम्युनिस्ट पक्षात गेल्या आणि १९५२ मध्ये त्रावणकोर-कोचीनच्या विधानसभेत पोचल्या.

५ एप्रिल १९५७ रोजी केरळात मुख्यमंत्री नंबुद्रीपाद यांचे कम्युनिस्ट मंत्रिमंडळ आले आणि महसूल खाते गौरी अम्मांकडे आले. १ एप्रिललाच आपल्या मुंबई राज्यात कृषक दिन उजाडून कुळे कायद्याने जमिनीची मालक ठरली होती. तिकडे केरळात ११ एप्रिलला वटहुकूम निघाला आणि कुळांना जमिनीवरून हुसकावणे थांबले. पुढे गौरी अम्मांनी मांडलेले कृषिसंबंध विधेयक १९५९ मध्ये मंजूर झाले, पण ३१ जुलैला केंद्राने सरकारच बरखास्त केले. नंतरच्या सरकारने त्या विधेयकाचा बदललेल्या रूपात कायदा केला. त्यालाही १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धक्का बसला. १९६३ मध्ये पुन्हा नवा कायदा आला, तो बराच सौम्य होता. १९६७ मध्ये गौरी अम्मा परत महसूलमंत्री झाल्या आणि १९६९ च्या दुरुस्तीने त्यात मूळचा जोर आला. अंमल १ जानेवारी १९७० पासून, तोही मुख्यमंत्री अच्युत मेनन यांच्या सरकारच्या हातून. जमीनदाराच्या आवारात झोपडी बांधून राहणाऱ्या मजुराला खेड्यात दहा सेंटपर्यंत, म्हणजे आपल्या हिशेबाने चार गुंठ्यांपर्यंत, जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला. गौरी अम्मांच्या दीर्घ आमदारकीतले सर्वांत मोठे काम मला हेच वाटते.

कम्युनिस्ट पक्ष फुटल्यावर त्या मार्क्सवादी पक्षात राहिल्या होत्या; १९९४ मध्ये त्या पक्षाने त्यांना काढून टाकले. त्यांनी स्वतःचा पक्ष काढला, अरूर मतदारसंघातून निवडून येत राहिल्या आणि २००१ मध्ये मुख्यमंत्री अँटनी यांच्या मंत्रिमंडळात शिरल्या. २००६ मध्ये, सत्त्याऐंशीच्या उंबरठ्यावर, त्याच अरूरने त्यांना हरवले. ११ मे २०२१ रोजी त्या वारल्या. तोवर केरळात एकही स्त्री मुख्यमंत्री झाली नव्हती.