हुइयाचे पीस

लहानपणी आम्ही पाठ्यपुस्तकात मोरपीस जपून ठेवीत असू. पानांत पेन्सिलीचा कीस घातला की पिसाला पिल्लू होते, अशी आमची पक्की समजूत होती. ती समजूत पुढे वयाबरोबर गेली. पिसाचे वेड मात्र राहिले आणि ते तिकिटांच्या वहीत येऊन स्थिरावले. रविवारी पक्षकारांची ये-जा थांबली म्हणजे कायद्याच्या ग्रंथांमागून ती वही बाहेर निघते. तिच्यात न्यूझीलंडचे तीन पेन्सांचे एक पिवळसर तपकिरी तिकीट आहे. त्यावर हुइया नावाच्या पक्ष्याची जोडी आहे. त्या पक्ष्याची आणि त्याच्या पिसाची हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे पुष्कळ दिवस मनात होते.

हे तिकीट ५ एप्रिल १८९८ रोजी विक्रीस आले. तोवर त्या वसाहतीच्या तिकिटांवर बहुधा राणीचा मुखवटा असे. नव्या मालेत त्याऐवजी तेथील सरोवरे, पर्वत आणि पक्षी आले. चित्रांसाठी १८९५ मध्ये स्पर्धा घेण्यात आली आणि छपाई लंडनच्या वॉटरलो कंपनीने केली. आपल्या भूमीचे म्हणून जे जगाला दाखवावे असे त्या लोकांना वाटले, त्यांत हुइयाला स्थान मिळाले.

आणि तो पक्षी होताही तसाच. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील दाट अरण्याखेरीज तो कोठे आढळत नसे. नराची चोच आखूड व दणकट, तर मादीची लांब, बारीक आणि कोयत्यासारखी वाकडी. हा भेद इतका मोठा, की गूल्डसारख्या विख्यात पक्षिशास्त्रज्ञाने आरंभी नर आणि मादी या दोन वेगळ्या जाती मानल्या. अंग काळे कुळकुळीत. शेपटीत बारा पिसे आणि प्रत्येकाच्या टोकाला पांढरा शुभ्र पट्टा.

माओरी समाजात हे पीस केसांत खोवण्याचा मान कुळाच्या प्रमुखांचा आणि थोरामोठ्यांचा असे. ते ठेवण्यासाठी कोरीव नक्षीची लाकडी पेटी करीत व तिला ‘वाका हुइया’ म्हणत. आपल्याकडे देव्हाऱ्यातील संपुष्टाला जो मान, तोच त्या पेटीला होता असे म्हणावयास हरकत नाही. पिसासाठी पक्षी पूर्वीही मारले जात. परंतु ज्या वस्तूवर थोड्यांचाच अधिकार, तिची मागणीही मर्यादित राहते.

युरोपियांच्या आगमनानंतर ही मर्यादा सुटली. संग्रहालयांना पेंढा भरलेली जोडी हवी झाली, दिवाणखान्यांना शोभा हवी झाली, आणि बंदूकही आली. मॅनावाटूची खिंड आणि अकिटिओ यांमधील अरण्यात अकरा शिकाऱ्यांच्या एका टोळीने ६४६ हुइयांची कातडी मिळवल्याची नोंद आहे. आंद्रेआस रायशेक या ऑस्ट्रियन संग्राहकाने २१२ जोड्या टिपल्याचे सांगतात. त्याच काळात कुरणांसाठी अरण्ये तोडली व जाळली जात होती. जहाजांबरोबर आलेले उंदीर आणि मांजरे रानात शिरली होती. तेव्हा साऱ्या नाशाचा दोष एकट्या पिसावर टाकणे न्यायाचे होणार नाही. पण उरलेसुरले पक्षी जेव्हा मोजके झाले, तेव्हा प्रत्येक पिसाची किंमत वाढली, हे विसरून चालणार नाही.

येथे कायदा रंगभूमीवर येतो. गव्हर्नर लॉर्ड ऑन्स्लो यांनी १८९० मध्ये जन्मलेल्या आपल्या पुत्राला हुइया हे नाव दिले होते. तेथील पक्ष्यांना संरक्षण मिळावे यासाठी त्यांनी आग्रह धरला आणि १८९२ मध्ये हुइयाला मारणे बेकायदा ठरले. पक्ष्यांसाठी बेटांवर अभयारण्येही योजण्यात आली. परंतु अंमलबजावणी ढिली राहिली. त्या काळचे न्यूझीलंडचे सर्वांत नामवंत पक्षितज्ज्ञ सर वॉल्टर बुलर हे व्यवसायाने वकील होते. हुइयाच्या रक्षणाची निकड त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक असणार? तरी १८९३ मध्ये, जी जिवंत जोडी अभयारण्यात जावयाची, ती त्यांनी इंग्लंडातील लॉर्ड रॉथ्सचाइल्ड यांच्यासाठी नेली. आमच्या व्यवसायातील माणसाने कायद्याची वाट अशी वाकवावी, हे वाचताना मला प्रत्येक वेळी शरमल्यासारखे होते.

तिकीट निघाले ते यानंतर. म्हणजे पक्ष्याला कायद्याचे कवच मिळाले होते, बेटे राखून ठेवली होती, आणि आता राष्ट्राच्या टपालावर मानाचे स्थानही मिळाले. सन्मानात काहीच उणे नव्हते. त्यावर १९०१ मध्ये आणखी एक सन्मान झाला. ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणजे पुढे बादशहा झालेले पंचम जॉर्ज, ज्यांच्या १९११ च्या आगमनाच्या स्मरणार्थ मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया उभे आहे, ते रोटोरुआ येथे गेले. तेथे एका माओरी स्त्रीने आदरभावाने आपल्या केसांतील हुइयाचे पीस काढून त्यांच्या टोपीत खोवले. तिच्या दृष्टीने तो आपल्या परंपरेतील सर्वोच्च मान होता. पण राजपुत्राच्या टोपीत जे दिसले, ते आपल्याही टोपीत असावे अशी शेकडोंना इच्छा झाली. एका पिसाचा भाव पौंडापर्यंत चढला. रानात मारण्यास बंदी आणि शहरात मागणीस मोकळीक, अशी ती विचित्र अवस्था होती.

हुइयाचे शेवटचे खात्रीलायक दर्शन २८ डिसेंबर १९०७ रोजी टारारुआ पर्वतात झाले; तीन पक्षी दिसले. त्याच वर्षी टपाल खात्याने तीन पेन्सांचे तिकीट आकाराने लहान करून पुन्हा काढले. हा निव्वळ योगायोग. तिकिटाचा आकार छपाईच्या सोयीने ठरतो. तरी वहीत लहानमोठी तिकिटे शेजारी लावताना मन थबकते. पुढे १९३३ पासून सहा पेन्सांच्या नाण्यावर हुइया आला. तोवर नाण्यावरचा पक्षी रानात दाखवणे कोणालाच शक्य नव्हते.

मे २०२४ मध्ये ऑकलंड येथे हुइयाच्या एका पिसाचा लिलाव झाला. पिसाचे वजन सुमारे ९ ग्रॅम. बोली ४६,५२१ न्यूझीलंड डॉलरांवर गेली. यापूर्वीचा उच्चांक २०१० मधील ८,४०० डॉलरांचा होता. आज ते पीस नोंदणीकृत संग्राहकालाच विकत घेता येते आणि परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही. कायदा किती काटेकोर झाला आहे पाहा! जिवंत पक्ष्याला जी दक्षता लाभली नाही, ती त्याच्या पिसाला लाभली.

वकिलाने यातून घ्यावयाचा बोध कोणता? केवळ मारणाऱ्याला बंदी करून भागत नाही. मिरवणाऱ्यापर्यंत आणि विकणाऱ्यापर्यंत कायद्याचा हात पोहोचला पाहिजे. याच सुमारास, १९०२ मध्ये, हिंदुस्थान सरकारने पक्ष्यांची कातडी व पिसे यांच्या निर्यातीवर बंदी घातली. तो हुकूम जंगलाच्या वाटेवर उभा राहिला नाही, तर बंदराच्या दारात उभा राहिला. चोरटा व्यापार त्याने थांबला असे नव्हे, पण दिशा योग्य होती.

आपला मोर १९६३ मध्ये राष्ट्रीय पक्षी झाला आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला सर्वोच्च संरक्षण दिले. परंतु आपोआप गळलेल्या पिसांना त्या कायद्यात देशांतर्गत मोकळीक आहे. वासुदेवाच्या टोपीचा आणि कृष्णाच्या मुकुटाचा देश हा. ती सवलत लोकजीवनाचा विचार करूनच दिली असली पाहिजे. पण पीस गळलेले की उपटलेले, हे ठरवावयाचे कसे? देठाच्या टोकाशी रक्ताचा अंश आहे काय हे प्रयोगशाळेत तपासता येते. बाजारात मोळी बांधून आलेल्या पिसांची अशी तपासणी कितीदा होते, याचा विचार प्रत्येक ग्राहकाने करावा. मोर आज विपुल आहे, म्हणून हा प्रश्न विचारण्यास अजून अवकाश आहे. हुइयाच्या बाबतीत तो उशिरा विचारला गेला.

१९९९ मध्ये न्यूझीलंडातील हेस्टिंग्ज येथे एक परिषद भरली होती. जतन केलेल्या अवशेषांपासून हुइया पुन्हा निर्माण करता येईल काय, हा तिचा विषय होता. तो वृत्तांत वाचताना मला आमचे मोरपीस आणि पेन्सिलीचा कीस आठवला. हुइयाची पिसे पेट्यांत आणि संग्रहालयांत उत्तम जपलेली आहेत. पिल्लू अजून झालेले नाही.